दगडकामाचे सहा रविवार

दगडाची एक कपची सूंऽ करत आली आणि ज्ञानेश्वरीच्या हातातल्या दुधाच्या पिशवीत घुसली. दुधाची धार थेट तिच्या पायावर!

"अवो, लागलं का?" शाळेच्या फाटकातून एक तरुण धावत आला. केसांत, भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी.

"मला नाही... दुधाला लागलं," ती म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली. शनिवार दुपारपासून ती कुणाशी बोललीच नव्हती. लासूर स्टेशन गावची ही मुलगी दोन वर्षांपासून शहरातल्या मुकुंदवाडीत एकटी खोली करून राहत होती. दिवसभर लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायचे, संध्याकाळी कुलूप उघडायचं, बस्स.

शाळेच्या पटांगणात उन्हाळ्यापुरता दगडकामाचा वर्ग चालू होता. दर रविवारी सकाळी, कुणीही यावं.

"फुकट हाय, या की," तो हसला. "दुधाचं पाप तरी फिटंल माझं."

त्याचं नाव शिवराज. खुलताबादकडच्या मेंढपाळाचा मुलगा, इथं कंपनीत मालाची चढउतार करायचा.

ती गेली. वर्ग शिकवणाऱ्या म्हाताऱ्या धोंडिबा पाथरवटांनी तिच्यापुढं मऊ दगड ठेवला, हातात छिन्नी-हातोडी दिली. "हळू मार, बाई. उडालेली कपची पुन्हा चिकटत नाय."

लिंबाच्या सावलीत शिवराज तिच्या शेजारीच बसायचा.

"कुत्रं छान जमलंय तुमचं," एकदा ती म्हणाली.

"मेंढी हाय ती!"

"मग तिला सांगा तसं... तिला ठाऊक नसेल."

तो असा खळखळून हसला, की त्याच्याकडं बघता बघता तिची हातोडी अंगठ्यावरच बसली. त्यानं आपला रुमाल फाडून पट्टी बांधली. गाठ केव्हाच बसली होती, पण हात सोडायचं दोघांनाही सुचेना.

"लई दुखतंय?"

"नाय..." लॅबमधली नीटनेटकी मराठी विसरून तिच्या तोंडून लासूरची बोली निघाली.

पाचव्या रविवारी तो छिन्नीशी चाळा करत म्हणाला, "पुढच्या येळेला... एक इचारायचंय."

"आत्ताच विचारा की!"

"आत्ता हिंमत नाय."

सहावा रविवार शेवटचा. शिवराजची जागा रिकामी होती.

"बाप टेकडीवरनं घसरला त्याचा, पाय मोडला," धोंडिबा म्हणाले. "मेंढरामागं कोण जाणार? नोकरी सोडून गेला पोरगा. फोनबी लागंना."

लोक आपापल्या दगडासोबत फोटो काढत होते. ज्ञानेश्वरीला खोलीवर जाववेना. तिनं धोंडिबांना त्याच्या गावाचं नाव विचारलं आणि खुलताबादची बस धरली. तिथून जीप, मग पायवाट. माळावर मेंढरांमागं तो दिसला. तिला बघून जागीच थिजला.

"तुम्ही? हितं?"

"काय विचारायचं होतं?"

त्यानं मान खाली घातली. "ऱ्हाऊ द्या आता. उद्या कळप घेऊन गंगाथडीला, नदीकाठच्या चाऱ्याला निघायचं. पाऊस पडंल तवा मागारी. नोकरी सुटली... तुमच्यासारखीला काय इचारू?"

"माझ्यासारखी म्हणजे कशी हो?" "खोलीत शिरले की दिवा लावते, पंखा लावते, टीव्ही लावते... तरी घर रिकामंच वाटतं. सहा दिवस ढकलते ते त्या एका रविवारासाठी. आणि तुम्ही न विचारताच निघालात?"

त्यानं भरकटलेलं एक कोकरू उचलून कडेवर घेतलं. मग तो हळूच म्हणाला, "थांबाल... पाऊस पडस्तोवर?"

"पडला तरी. नाय पडला तरी."

त्याला आपला नंबर देऊन ती संध्याकाळच्या बसनं परतली. नऊ दिवस फोन नाही. लॅब, कुलूप, खोली. दहाव्या दिवशी ती खिचडी ढवळत असताना फोन वाजला. आधी नुसता वारा ऐकू आला, मग त्याचा धापा टाकणारा आवाज.

"रेंजसाठी बांधावर चढलोय..." आणि जरा थांबून, पहिल्यांदाच एकेरीवर येत, "जेवलीस का?"

या शहरात तिला हे कुणी विचारलं नव्हतं. ती तिथंच भिंतीला टेकून फरशीवर बसली. डोळे पुसत म्हणाली—

"नाय अजून. तू?"