ओठाच्या कोपऱ्यातले फोड

"अहो, थांबा! गोळ्या राहिल्या तुमच्या!"

सोदामनं वळून पाहिलं. कोरियातल्या सोल शहरातल्या त्या इमारतीत वर त्वचेचा दवाखाना, खाली औषधांचं दुकान. दुकानातला फार्मासिस्ट होग्युन पांढऱ्या कोटावर पाऊस झेलत तिच्यामागे धावत आला होता.

उद्या तिच्या चेहऱ्यावर लेझर होणार होतं. शाळेपासूनचे मुरुमांचे खड्डे एकदाचे जाणार होते! पण त्याच्या हातातल्या पाकिटावर ठळक छापलं होतं — हर्पिस विषाणूसाठी. आजपासून घ्या.

"माझ्या नाहीत त्या."

"नाव तर तुमचंच. सोदाम... विसरणार नाही मी."

"मला असलं काही होत नाही!"

"लेझरआधी सगळ्यांनाच देतात," म्हणत त्यानं पाकीट तिच्या हातात ठेवलंच. ताण आला की तिच्या ओठावर फोड यायचे, पण ते थोडेच हर्पिसचे? ते कुणाला येत नाहीत? 'दमलीस गं,' म्हणून आई जिनसेंगच्या मुळ्यांचा काढा पाजायची, संपलं. दवाखान्याच्या फॉर्मवर 'हर्पिस आहे का?' यापुढेही तिनं बिनदिक्कत 'नाही' लिहिलं होतं. आणि हा मेला आजार त्या देखण्या माणसाला कळावा? छे! पाकीट ड्रॉवरमध्ये गेलं.

लेझरनंतर तिसऱ्या दिवशी ओठाचा कोपरा चुरचुरला. दुपारपर्यंत तीन फोड. चेहरा अजून सोललेला, ओला... तिथं हे पसरलं तर जुने खड्डे परवडले, नवे व्रण जन्माला पुरतील! मास्क चढवून ती धावत सुटली. दवाखाना जेवणाच्या सुट्टीसाठी बंद. खाली होग्युन एकटाच.

"मास्क काढा," तो म्हणाला.

"नाही."

"काढा म्हणतो ना!"

तिनं मास्क उतरवला. तो जवळ वाकला.

"गोळ्या घेतल्या होत्या?"

"नाही."

"का?"

"कारण... तुमच्यासमोर नाही म्हणून बसले होते ना! तुम्ही मला आवडलात, कळलं? आता हसा!"

तो हसला नाही. कान मात्र लालबुंद झाले. "वेडाबाई, मलाही येतात हे फोड," एवढं म्हणून त्यानं फोन उचलला. वरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई जेवण टाकून धावत आल्या, सोदामला यथेच्छ झापलं आणि मोठा डोस सुरू केला.

मग रोज सकाळी त्याचा मेसेज. 'मलम लावलंत? खपली ओढली नाहीत ना? उन्हात पाऊल टाकाल तर बघा!' ती रोज चिडून उत्तर द्यायची आणि रोज पहाटेपासून फोनकडे डोळे लावून बसायची.

दहाव्या दिवशी ती दुकानात शिरली. चेहरा गुलाबी, नवा.

"खरं सांगा हं. व्रण राहिला?"

होग्युननं कितीतरी वेळ पाहिलं.

"राहिला. एकच, इवलासा. ओठाजवळ."

तिचे डोळे भरून आले. "खोटं बोलता आलं असतं की!"

"आलं असतं. पण मला तो रोज बघायचाय... चालेल?"

सोदामनं नाक ओढलं. "रविवारी तर दुकान बंद असतं."

"रविवारी मी येतो ना तुमच्या दारात!"