कस्तुरीचा दुसरा मॉनिटर

काशीच्या गल्ल्यांत कुणी कुणाला वाट द्यायची हे ठरलेलं आहे. आधी मुडदा, मग सांड, मग म्हातारी माणसं, आणि जागा उरलीच तर बाकीचे. १९९९ सालच्या जानेवारीत, पौषातल्या भुरभुर पावसात, संकठा घाटावरून मंगला गौरीकडे जाणाऱ्या गल्लीत एक सांड आडवा उभा होता. त्याला कुठेही जायचं नव्हतं.

कस्तुरी त्याच्या मागे थांबली. छातीशी लाल कापडात गुंडाळलेली, हातभर लांब वही. तेवढ्यात पाठीला काहीतरी टणक लागलं.

"भाईसाब, जरा देखकर चलिए."

"सॉरी... इसके पार कुछ दिखता नहीं," मागच्या खोक्यामागून आवाज आला. मग तोच आवाज स्वतःशी पुटपुटला, "आता या बैलाला काय म्हणावं?"

"सांड म्हणावं," कस्तुरी मराठीत म्हणाली. "बैल नांगराला असतो."

खोकं खाली सरकलं. वर चष्मा, चष्म्यावर पाण्याचे थेंब, आणि त्यामागे गोंधळलेले दोन डोळे. ते डोळे तिच्याकडे पाहत होते. मग वहीच्या कापडावर पडणाऱ्या थेंबांकडे गेले. त्याने हातातलं धूड शेजारच्या ओट्यावर ठेवलं, अंगातला स्वेटर काढला आणि काही न बोलता वहीवर पांघरला.

वहीवर. तिच्यावर नाही. हे कस्तुरीच्या लक्षात आलं आणि, खरं सांगायचं तर, आवडलं.

"आणि तुमचं यंत्र?" म्हणत तिने खांद्यावरची शाल काढून त्या धुडावर टाकली. दोन मिनिटांत दोघंही थंडीने कुडकुडत होती; वही आणि यंत्र मात्र मजेत होती.

"टीव्ही आहे?"

"कॉम्प्युटरचा मॉनिटर."

"माझ्याकडे आहे एक. तुमचा बिघडला का?"

"नाही, घरचा उत्तम आहे. हा दुसरा."

"एकाने भागत नाही?"

"एकावर काम करायचं, दुसऱ्यावर समोर लागतं ते उघडं ठेवायचं. विंडोज अठ्ठ्याण्णवला दोन लावता येतात. आत एक जादा कार्ड बसवलं की माउस या पडद्यावरून त्या पडद्यावर सरळ चालत जातो."

"भिंतीतून गेल्यासारखा?"

"शेजारच्या घरी गेल्यासारखा..."

कस्तुरीने शालीखालच्या त्या धुडाकडे पुन्हा पाहिलं.

तिचे वडील वासुदेवशास्त्री दशाश्वमेध घाटावरचे तीर्थपुरोहित. सातारा भागातून कुणी काशीला आलं की शास्त्री त्याचं गाव-आडनाव विचारत आणि त्याच्या पणजोबाचं नाव वहीतून काढून दाखवत. घराण्याचा नियम असा की यजमानाला पाणी द्यायचं आणि पेला रिकामा व्हायच्या आत नाव सांगायचं. वह्या एकतीस, सगळ्या मोडी लिपीत. आता शास्त्रींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि घरात मुलगा नव्हता. म्हणून प्रयागचा पुतण्या ढुंढिराज माघी पौर्णिमेला येऊन वह्या घेऊन जाणार होता. त्याच्याकडे लोखंडी कपाट होतं, दोन मुलगे होते आणि मन मोठं होतं. कस्तुरीला मोडी येत होती, पण ती मुलगी होती. आणि ही गोष्ट इतकी जुनी होती की तिच्यावर कुणी बोलतच नसे.

विद्यापीठातल्या एका संशोधकांनी वह्यांची सगळी पानं स्कॅन करून सीडी घरी दिल्या होत्या. पुण्याच्या मामांनी आपला कॉम्प्युटर दिला होता. त्यावर कस्तुरी दोन वर्षं यादी करत होती: गाव, आडनाव, वही, पान, नावं. जुन्या वह्यांच्या कडा झडत, म्हणून त्या रोज न उलटता पानही पडद्यावरच बघायचं; पण पडदा एकच. मोडी पान उघडलं की यादी झाकली जाई, यादी उघडली की पान. मधल्या क्षणात माणसाचा बाप बदले. परवाच तिने एका गृहस्थाला त्याचा चुलता बाप म्हणून सांगितला होता. ते वाईचे निवृत्त मामलेदार होते आणि त्यांनी ते मनावर घेतलं होतं.

"हा मला द्या," कस्तुरी म्हणाली.

"म्हणजे?"

"माघी पौर्णिमेपर्यंत. मग परत घ्या."

अनिमेष पसरणीकर, वय सत्तावीस, एका बँकेत कॉम्प्युटर अधिकारी, साताऱ्याहून बदलीवर आलेला, असा मॉनिटर तीन महिने शोधत होता. विचार करायला त्याने अर्धा सेकंद घेतला.

"घर कुठे तुमचं?"

सांड तेवढ्यात आपणहून बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये कार्ड बसवलं. डावीकडे काळापांढरा मॉनिटर, त्यावर मोडी पान. उजवीकडे रंगीत, त्यावर यादी. कस्तुरीने माउस डावीकडे सरकवला. बाण कडेला पोचला, क्षणभर नाहीसा झाला आणि शेजारच्या पडद्यावर उगवला. तिने तो परत आणला. परत नेला. असं अकरा वेळा केलं.

"काही काम पण होतं याच्यावर," अनिमेष म्हणाला.

"थांबा ना जरा. फिरतोय तो."

दारात तांदूळ निवडत बसलेल्या आई, प्रभावतीबाई, म्हणाल्या, "दोन दोन तोंडं आहेत. कुठल्याशी बोलायचं?"

"दोन्हीकडे बघायचं आणि गप्प बसायचं, काकू," अनिमेष म्हणाला. हे उत्तर प्रभावतीबाईंना पटलं. त्यांच्या संसाराचा अनुभव तोच होता.

मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. केबल रोज तपासावी लागते, असं त्याने सांगितलं. घरात दुसरा इंजिनीअर नसल्यामुळे कुणी विरोध केला नाही. केबल तपासायला एक मिनिट लागे आणि तो दीड तास थांबे. कस्तुरी पानावरची नावं वाचे, तो यादीत टंके. दोन आठवड्यांत तो स्वतः मोडी वाचू लागला, रद्दी कागदांच्या कोऱ्या पाठीवर गिरवूही लागला.

"हे काय लिहिलंय?" एकदा तिने विचारलं.

"पसरणी. माझं गाव."

"मला तर हे खेकडं वाटलं."

"गुरू तसा शिष्य."

"गुरूने खेकडं शिकवलेलं नाही... हात द्या." तिने त्याची बोटं धरून ते अक्षर पुन्हा काढलं. अक्षर सुधारलं. बोटं सोडायला मात्र दोघंही विसरली, तेव्हा दारातल्या सुपाचा आवाज थांबला. बोटं सुटली. सूप पुन्हा सुरू झालं.

माघी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी एकतिसावी वही यादीत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ढुंढिराज आला. जाड, हसतमुख, खांद्यावर उपरणं. त्याने काकांना वाकून नमस्कार केला, बाहेर हातगाडी उभी केली आणि आत दोन मॉनिटर पाहून थबकला.

"हे काय, काका?"

"तिला विचार," वासुदेवशास्त्री म्हणाले. "मला काही दिसत नाही."

"दादा, वह्या नेऊ नका," कस्तुरी म्हणाली. "गादी मी चालवते. मोडी मला येते, नाव मी काढते. पेला संपायच्या आत."

ढुंढिराज हसला, पण वाईट हसला नाही. "ठीक आहे. काढलंस तर गाडी रिकामी नेईन. नाही तर वह्या भरायच्या, आणि मग रडायचं नाही." त्याची नजर कोपऱ्यातल्या अनिमेषवर गेली. "हे कोण?"

"पसरणीकर, साताऱ्याचे. केबल तपासतात," प्रभावतीबाई म्हणाल्या.

"साताऱ्याचे? मग हेच यजमान. पण पसरणीकर नको, ते तू पहिल्याच दिवशी शोधलं असशील."

कस्तुरीचे कान लाल झाले. तिने ते पहिल्याच दिवशी शोधलं होतं.

"यांचं आजोळ काढ. आईच्या आजोबांचं नाव. तुम्ही हो, ते या चिठ्ठीवर लिहा आणि माझ्याकडे द्या. तिला दाखवायचं नाही. गाव-आडनाव तेवढं सांगा."

अनिमेषने लिहिलं, चिठ्ठी दिली. "रेठरे. ओगले."

प्रभावतीबाईंनी पाण्याचा पेला अनिमेषपुढे केला. ढुंढिराजने तो मधेच उचलला. "पाणी मी पिणार. हे उन्हाळ्यापर्यंत पितील."

त्याने पहिला घोट घेतला. कस्तुरीने उजवीकडे टाइप केलं. रेठरे, ओगले... दोन घराणी. वही एकोणीस, पान बावन्न; वही तेवीस, पान आठ. दुसरा घोट. तिने दोन्ही पानं डावीकडे शेजारी शेजारी उघडली. यादी उजवीकडे उघडीच होती; नुसती मान वळवावी लागली. एका पानाच्या कडेला आडवी बारीक ओळ होती: कृष्णेपलीकडचे.

"तुमचं आजोळ नदीच्या अलीकडे की पलीकडे?"

"पलीकडे," अनिमेष म्हणाला. "होडीने जायचो..."

ढुंढिराजने पेला तिरका केला. तळाशी दोन घोट होते.

"अंताजी गोपाळ ओगले," कस्तुरीने पडद्यावरची मोडी वाचली. "शके अठराशे सत्तावीस. सोबत आई, बायको आणि एक पोपट. पोपटाचं नाव दिलेलं नाही."

ढुंढिराजने पेला खाली ठेवला. चिठ्ठी उघडली, वाचली, घडी घातली. मग उठून दाराशी गेला.

"गाडीवाले, घर जाओ. कुछ नहीं ले जाना." आणि आत वळून, जरा खालच्या आवाजात, "हा दुसरा मॉनिटर कुठे मिळतो?"

वासुदेवशास्त्रींनी हवेत हात पुढे केला, लेकीचं डोकं सापडलं, तिथे तो ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "यजमान बसलाय आणि वहीत नोंद नाही, ही कुठली रीत? पसरणीकरांचं पान काढ, बेटा. नोंद यजमानाने आपल्या हाताने करायची."

कस्तुरीने खरी वही उघडली. अनिमेषने टाक शाईत बुडवला आणि मोडीत, जपून, आपलं नाव लिहिलं. मग वडिलांचं. मग मुक्काम... आणि तिथे त्याने लिहिलं: काशी.

"बँकवाल्यांचा मुक्काम काशी नसतो," ती हळूच म्हणाली. "दोन वर्षांत उडतात."

"प्रमोशन घेतलं की बदली. सोमवारी मी नको म्हणून लिहून दिलं."

"का?"

"केबल तपासायची असते ना..."

तिने ओठ दाबून धरले. "पुढे लिहा. पत्नीचं नाव असतं तिथे."

टाक थांबला. "ते मला लिहिता येत नाही. एका माणसाला विचारायचं राहिलंय."

"मग विचारा."

"भीती वाटते."

"दादांची?"

"त्या माणसाच्या 'नाही'ची."

कस्तुरीने त्याच्याकडे पाहिलं. चष्म्यामागचे डोळे आज अजिबात गोंधळलेले नव्हते. नुसते वाट पाहत होते. तिने त्याच्या हातातून टाक काढून घेतला, शाईत बुडवला, आणि मोकळ्या जागेत एका दमात तीन अक्षरं लिहिली.

टाकाचा आवाज वासुदेवशास्त्रींनी ऐकला. पन्नास वर्षं ते तो आवाज ऐकत होते; कोण लिहितंय हे त्यांना डोळ्यांशिवाय कळत असे.

"कस्तुरी, काय लिहिलंस? वाच."

"पत्नी..." तिने श्वास घेतला. "पत्नी, कस्तुरी."

पेला उचलायला पुढे झालेला प्रभावतीबाईंचा हात तसाच राहिला. ढुंढिराज वाकून पानाकडे पाहू लागला आणि म्हणाला, "अक्षर फार सुंदर आहे, काका."

"ढुंढिराज," शास्त्री म्हणाले, "आपल्या वह्यांत कधी खोडाखोड झालीय?"

"दोनशे वर्षांत नाही."

शास्त्रींनी मान हलवली. मग दोन्ही धूसर डोळे लेकीच्या दिशेने वळवून, नेहमीच्या घाटावरच्या आवाजात म्हणाले,

"मग शाई वाळू दे, बेटा. वाळल्याशिवाय वही मिटू नकोस."