डाळिंबीची विटकरी

"मोईनभाई, परत गेला."

फोनवर वैजयंतीचा आवाज इतका बारीक, की मोईनला वाटलं कुणी माणूसच गेला.

"कोण गेला?"

"स्क्रीनचा रंग. काल संध्याकाळी नीट लावून घरी गेले, सकाळी येऊन बघते तर सगळं निळं. आज चारला माल घेणारी पार्टी येणार. टॉवेलचा रंग आता तिसऱ्यांदा चुकला तर उद्यापासून येऊ नका म्हणालेत मालक."

मोईनचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान भवानी पेठेतच. दोन गल्ल्या ओलांडल्या की महिपती शेठचा टॉवेलचा कारखाना. महिन्यापूर्वी वैजयंतीच्या टेबलावरचा नवा मॉनिटर त्यानंच बसवला होता. म्हणजे बोंब झाली तर त्याच्याही नावानं होणार होती. पिशवी उचलून तो निघाला.

वैजयंती कारखान्याची डिझायनर. स्क्रीनवर ती रंग ठरवायची, त्याचे आकडे रंगखात्यात जायचे आणि तसं सूत रंगायचं. पण स्क्रीन निळी पडली की डाळिंबी तिला गुलाबी दिसायची. मग बिचारी त्यात पिवळा वाढवायची आणि रंगखात्यातून डाळिंबीऐवजी चक्क विटकरी सूत बाहेर यायचं. असं दोनदा झालं होतं.

मोईननं आधी कंप्युटर तपासला. रंगाची फाईल जागच्या जागी होती, तारखेसकट. पासवर्ड एकट्या वैजयंतीकडे. मग त्यानं मॉनिटरच्या मागचं बटण दाबून त्याचा मेनू उघडला आणि भुवया वर केल्या. उजेड शंभरावर, रंग कंपनीतून आले तसे.

"कंप्युटरला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "कुणीतरी मॉनिटरचं बटण दाबून सगळं पुसतंय. हे काम हाताचं आहे."

वैजयंतीचा चेहरा उतरला. यंत्र बिघडलं तर दुरुस्त होतं. माणूस आपल्या वाईटावर असला तर काय करायचं?

मोईननं दाराशी बसलेल्या कोंडीबाला हाक मारली. "बाबा, जरा फडकं आणा."

कोंडीबा लगबगीनं गेला आणि कपभर चहा घेऊन आला. "कडक हाय बगा, तुमी म्हनला तसा."

वैजयंती त्याही स्थितीत हसली. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यावर कोंडीबाचे कान गेले होते, म्हणून मालकांनी त्याला ऑफिसात घेतलं होतं. सकाळी सातला तो कुलूप उघडायचा, दुपारी साडेचारला घरी जायचा. मोईननं चहा घेतला, रुमालानंच स्क्रीन पुसली आणि सवयीनं मोठ्यांदा म्हणाला, "आधी रीसेट, मग काम."

"व्हय, आदी रीसेट," कोंडीबानं मान डोलावली आणि जागेवर जाऊन बसला.

स्क्रीनला रंग मोजायची डबी लटकवून मोईननं रंग पुन्हा लावले. डाळिंबी डाळिंबी दिसू लागली. मग तो चौकशीला लागला.

"रोज सकाळीच जातो का?"

"सकाळी तर जातोच, दुपारीही जातो. तीनला मी कापड बघायला मागांवर जाते. परत येऊन बसले की तासाभरानं शंका येते. तोवर डोळा सरावलेला असतो."

"कधी टिकला असं झालं?"

"मंगळवारी. दिवसभर."

"मंगळवारी कोण नव्हतं?"

"सगळे होते. मालक, मास्तर, बाबा. सूत आलं नव्हतं म्हणून माग तेवढे बंद होते."

मास्तर म्हणजे रंगखात्याचा शिवपुत्र. तो कोपरापर्यंत रंगलेले हात घेऊन दारात उभाच होता.

"मास्तर, या मॉनिटरला कधी हात लावला?"

"मी?" शिवपुत्र फणकारला. "चाळीस वर्षं डोळ्यानं रंग लावला मी. ह्या डबड्याला कशाला हात लावू? बंद पडलं तर पेढे वाटीन."

"म्हणजे ते बंद पडावं असं वाटतं तुम्हाला."

"वाटतं की. पण चोरून नाही वाटत, तोंडावर सांगतो."

बोलणं खरं वाटत होतं. पण खऱ्यासारखं बोलणारे मोईननं बरेच पाहिले होते. पावणेतीनला त्यानं स्क्रीन तपासली, रंग ठीक होते. मग तो वैजयंती आणि शिवपुत्र दोघांनाही घेऊन मागांवर गेला आणि त्यांच्यावरची नजर हलू दिली नाही. तीनला भोंगा झाला. पाळी बदलली, माग थांबले, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू झाले.

तिघं परत आले. स्क्रीन निळी होती.

"परत निळी!" वैजयंती ओरडली. आवाज ऐकून महिपती शेठ केबिनमधून बाहेर आले. चार वाजायला आता जेमतेम पाऊण तास होता. ऑफिसात आता दोनच माणसं मागं राहिली होती आणि त्यातला एक मालक. स्वतःचाच माल कोण बिघडवील?

तो कोंडीबाजवळ जाऊन बसला आणि कानाशी मोठ्यांदा बोलला. "बाबा, तिनाचा भोंगा ऐकू आला?"

"भोंगा कुटला ऐकू येतोय मला? पर माग थांबलं की पायाला कळतंय. फरशी गप होती."

"मग काय केलंत?"

"माट भरला. मालकाच्या टेबलावरचा तांब्या भरला. मग मीटर शून्यावर आनलं."

"मीटर मागांवर असतं. हितं कुठलं मीटर?"

कोंडीबानं मॉनिटरकडं बोट केलं. "ह्ये की."

मोईननं डोक्याला हात लावला.

"शेठ, कुणाचा डाव नाही यात," तो म्हणाला. "प्रत्येक मागावर किती कापड विणलं ते मोजणारं मीटर असतं. सकाळी सातला आणि दुपारी तीनला पाळी बदलली की ते शून्यावर आणायचं. बटणाखाली इंग्रजीत रीसेट लिहिलेलं असतं. बाबांना इंग्रजी येत नाही, पण ती पाच अक्षरं त्यांनी तीस वर्षं पाहिलीत. महिन्यापूर्वी मी मॉनिटर बसवला तेव्हा बाबांसमोर मागचं बटण दाबलं, स्क्रीनवर तीच अक्षरं आली आणि मी ओरडून सांगितलं, आधी रीसेट, मग काम. आज सकाळीही तेच बरळलो. वैजयंती, तू बाबांना काय म्हणाली होतीस?"

वैजयंती आठवून म्हणाली, "मॉनिटर सांभाळा म्हणाले होते."

"त्यांनी मीटर ऐकलं. जसा फडक्याचा कडक झाला. मंगळवारी माग बंद होते. पाळी बदललीच नाही, म्हणून रंग टिकला. तेव्हाच माझी ट्यूब पेटायला हवी होती."

"महिनाभर ह्या माणसानं..." महिपती शेठचा आवाज चढला.

कोंडीबाला शब्द कळले नाहीत, चेहरा कळला. त्यानं कमरेच्या चाव्या सोडून टेबलावर ठेवल्या.

"पोरी, मीटर शून्य न्हाय केलं तर आपलं काम दुसऱ्याच्या नावावर चडतंय. माजं एकदा चडलं हुतं. तुजं चडू नये म्हनून म्या रोज ध्यान ठेवून शून्य करतुया."

"काम नाही चढलं, बाबा," मोईन म्हणाला, पण बघत होता शेठकडं. "चूक चढली. तुमची आणि माझी, तिच्या नावावर."

महिपती शेठ खाली बघत म्हणाले, "आणि मी ती चढवली. वैजयंती, रंग लावून घे. पार्टी आली तर मी बोलत बसतो."

पार्टी सव्वाचारला आली. त्यांनी आणलेला तुकडा स्क्रीनला लावून बघितला, आकडे रंगखात्यात गेले. तासाभरानं शिवपुत्र सुताची ओली लडी हातावर घेऊन आला. डाळिंबी, अगदी पार्टीच्या तुकड्यासारखी. "डबडं बरं आहे तसं," एवढं बोलून तो परत गेला.

कोंडीबा त्या दिवशी साडेचार वाजून गेले तरी घरी गेला नव्हता. वैजयंतीनं चाव्या उचलून त्याच्या मुठीत दिल्या आणि कानाशी वाकली.

"बाबा, उद्यापासून याला हात लावायचा नाही."

"मग मीटर शून्य कोन करनार?"

"कुणी नाही. आता जे होईल ते माझ्याच नावावर चढू दे."

कोंडीबानं चाव्या पुन्हा कमरेला लावल्या आणि माठावर झाकण ठेवायला गेला.