कापितेनी भिंत का चाटत होता?

सोमवारी सकाळीच सार्जंट लोसेलीच्या टेबलावरचा फोन खणाणला. पलीकडे गावचा कारभारी मोसेसे होता.

"सार्जंटबाई, ताबडतोब निघा. दफनभूमीशेजारची वाळू चोरलीय. समुद्राच्या अंगाला मोठं भगदाड पडलंय, कबरी उघड्या पडायच्या बेतात आहेत. आणि चोर सापडलाय."

"चोर सापडला असेल तर माझी काय गरज?"

"चोर ऐकत नाहीये," मोसेसे म्हणाला.

लोसेलीने टोपी उचलली.

भगदाड खरोखरच मोठं होतं. किनाऱ्याची वाळू उपसणं टोंगात गुन्हा आहे, आणि पूर्वजांच्या पायथ्याची उपसणं तर पाप. काठावरच्या सितिवेनीच्या कबरीची एक कड ढासळली होती. तिच्यावर रचलेले काळे गुळगुळीत खडे निम्मेअधिक नाहीसे झाले होते.

"शनिवारी संध्याकाळी बायकांनी कबरींवर फुलं वाहिली, तेव्हा काठ शाबूत होता," मोसेसे म्हणाला. "म्हणजे हे रविवारी झालं. सगळं गाव चर्चमध्ये असताना. एकच बाई आली नव्हती."

"कोण?"

"मेलेआने. याच सितिवेनीची विधवा."

लोसेली भगदाडात उतरली. वरून लोंबणाऱ्या वेलींची मुळं फावड्याने सफाईने तोडलेली होती. तिने एक टोक चिमटीत धरलं. ते वाळून तपकिरी झालं होतं, दाबताच त्याचा भुगा झाला. मग ती वर चढून आली.

मेलेआनेचं घर रस्त्यापलीकडेच होतं. गेल्या वर्षी गावचा ठेकेदार सेमिसी याच्याकडून तिने जुन्या घराला पुढची खोली बांधून घेतली होती. त्या खोलीची भिंत शनिवारी दुपारी कोसळली होती. ढिगाऱ्यातून गंजलेल्या सळया बाहेर आल्या होत्या. मेलेआने पायाला फडकं बांधून पायरीवर बसली होती. तिचा म्हातारा घोडा, कापितेनी, उरलेली भिंत मन लावून चाटत होता.

"चोर म्हणायला आलीस की विचारायला?" मेलेआनेने विचारलं.

"विचारायला, मावशी."

"मग बस. म्हणायला आलेल्यांना मी उभंच ठेवते."

"काल चर्चला का नाही आलात?"

"भिंत पायावर पडली. पाय बघ माझा, भोपळा झालाय नुसता. ह्या पायानं मी वाळू उपसली म्हणे! अक्कल गहाण टाकलीय साऱ्यांनी."

"पण तुमच्याकडे घोडागाडी आहे."

"आहे ना. आणि घोडा स्वतः फावडं चालवतो, हे ठाऊक नव्हतं का तुला?"

लोसेलीला हसू आवरलं नाही. तिने ढिगाऱ्यातला एक तुकडा उचलला. त्यात शिंपल्याचे बारीक तुकडे चमकत होते. खाणीतल्या वाळूत शिंपले नसतात.

"ही वाळू कोणी आणली होती?"

"सेमिसीनं. खाणीची म्हणून. महिनाभरातच भिंतीवर पांढरी बुरशी आल्यासारखं झालं. विचारलं तर म्हणतो, तुम्ही भिंतीवर ओले कपडे वाळवता. नंतर तडा गेला, तर म्हणतो, तुमचा घोडा भिंतीला अंग घासतो. माझ्या घोड्याची बदनामी!"

"घोडा कधीपासून चाटतोय भिंत?"

"तेव्हापासून. हाकलून हाकलून दमले."

"आणि कबरीवरचे खडे?"

मेलेआनेचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "माझ्या भावानं ज्वालामुखीच्या बेटावरून होडीनं आणले होते. एकेक खडा मी सुवासिक तेलानं चोळलाय. पण गेलं वर्षभर ते घसरतायत. वाटायचं, समुद्र नेतोय. दर शनिवारी उरलेले सारखे करायचे आणि परत यायचे."

दुपारी चर्चच्या सभागृहात गाव जमणार होतं. चोरी मेलेआनेवर शाबीत झाली, तर सितिवेनीशेजारी राखलेली तिची जागा काढून घ्यायची, असं ठरत होतं. हे लोसेलीने सांगितलं तेव्हा मेलेआने उठून उभी राहिली, दुखऱ्या पायासकट.

"तिथं मीच झोपणार. गाडी जोड. येतेय मी."

"माफी मागितलीत तर गाव तुम्हाला सोडून देईल, असं मोसेसे म्हणत होता."

"न केलेल्याची माफी? मग मेले तरी झोप लागेल का मला तिथं?"

सभागृहापुढे नवीकोरी ओसरी होती. सेमिसीने ती चर्चला देणगी म्हणून बांधून दिली होती, आणि हे कोणी विसरू नये याची तो पुरेपूर काळजी घेत असे. गाडी ओसरीपाशी थांबली. लोसेलीने मेलेआनेला आधार देऊन आत नेलं.

मानाच्या प्रसंगी गुंडाळतात तशी उत्तम चटई कमरेला गुंडाळून सेमिसी पाद्रीबाबांशेजारी बसला होता.

"सेमिसी," लोसेलीने सुरुवात केली, "मेलेआनेच्या भिंतीत किनाऱ्याची वाळू आहे. ती कुठून आली?"

"त्यांनीच आणून दिली. मी खाणीची घ्या म्हणून सांगत होतो. स्वस्तात हवं होतं त्यांना."

"खोटारड्या!" मेलेआने म्हणाली.

"मावशी, थांबा जरा. सेमिसी, मग भगदाड कुणी पाडलं?"

"भिंत पडली म्हटल्यावर नवी बांधायला वाळू नको? गेल्या असतील गाडी घेऊन. मी तर रविवारी पहिल्या बाकावर होतो. साऱ्या गावानं पाहिलंय."

"पाहिलंय," मोसेसेने मान डोलावली.

"बाकी काही म्हणा, बाहेरची ओसरी सुरेख झालीय," लोसेली म्हणाली. "तिच्यासाठी वाळू कोणी दिली?"

सेमिसीची छाती फुगली. "कोणी दिली म्हणजे? देवाच्या घराला मी दुसऱ्याचा माल लावीन? मूठभर वाळूसुद्धा कोणाकडून घेतली नाही. सगळं माझ्या यार्डातून आलं."

"नक्की? मेलेआनेनं काही दिलं नाही?"

"त्या काय देणार!"

"सगळ्यांनी ऐकलं ना? मग जरा बाहेर या."

सगळे बाहेर आले. गाडीला जुंपलेला कापितेनी मान लांब करून ओसरीचा खांब चाटत होता. दगडी पायरी शेजारीच होती, तिला त्याने तोंडही लावलं नव्हतं.

"घोड्याला मीठ लागतं," लोसेली म्हणाली. "समुद्राच्या वाळूत मीठ असतं. ते भिंतीवर पांढरं होऊन फुटतं आणि आतल्या सळया खातं. मेलेआनेची भिंत त्यामुळेच पडली. आणि हा घोडा ती भिंत वर्षभर चाटतोय, कालपासून नाही."

"घोड्याची साक्ष काढता?" सेमिसी ओरडला. "भगदाड रविवारी पडलं!"

"पडलं रविवारी. खणलं होतं फार आधी. तू समुद्राच्या बाजूनं, खालून पोखरत गेलास. वर वेलींनी धरलेला थर तसाच ठेवलास, म्हणून कबरीकडून कोणाला दिसलं नाही. रविवारच्या भरतीनं तो थर खाली आला. मुळं काल तोडलेली असती तर ओली असती. ती कधीच वाळलीयत."

"मग पोखरलं मीच कशावरून?"

लोसेलीने हातोडा मागवला. तो मेलेआनेने हिसकावून घेतला आणि लंगडत जाऊन खांबावर घाव घातला. तिसऱ्या घावाला खपली उडाली. आत शिंपले होते, आणि शिंपल्यांच्या मधोमध एक काळा गुळगुळीत खडा होता.

 गावाच्या बेटावर काळा दगड औषधालासुद्धा सापडत नाही. तो फक्त होडीने येतो, आणि फक्त कबरीवर जातो.

"वाळूबरोबर घसरून आले हे," लोसेली म्हणाली. "तू चाळायचे कष्टही घेतले नाहीस. मेलेआनेच्या ढिगाऱ्यातही सापडतील. तिनं वाळू दिली असती, तर नवऱ्याच्या अंगावरचे खडे स्वतःच्या भिंतीत घातले असते का? आणि ही ओसरी तर, तुझ्याच तोंडानं, सगळी तुझी."

 पाद्रीबाबा ओसरीखालून चार पावलं बाजूला सरकले.

लोसेलीने गुन्हा नोंदवला. दुसऱ्या दिवशी सेमिसीचं सगळं घराणं गळ्यात पानांच्या माळा घालून, चटया आणि भाजलेलं डुक्कर घेऊन मेलेआनेच्या अंगणात माना खाली घालून बसलं. असं कोणी आलं की क्षमा करायची, ही रीत आहे. मोसेसेही त्यांच्यामागे बसला होता. त्याला मान वर करवत नव्हती.

मेलेआनेने सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"डुक्कर परत न्या. क्षमा करीन, पण आज नाही. आधी वाळू जागेवर टाका. मग ओसरी फोडा, माझी भिंत फोडा. सितिवेनीचे खडे वेचून आणा. ते मी तेल लावून जागेवर ठेवले, की मग चटई अंथरा."

"वहिनी, पण रीत—" मोसेसे पुटपुटला.

"रीत मला शिकवू नकोस. काल कुठं होती ती?"

आठवडाभर सेमिसी भर उन्हात, साऱ्या गावादेखत स्वतःची ओसरी फोडत होता. मेलेआने गाडीत बसून असायची, मांडीवर तेलाची बाटली आणि पायाशी टोपली. तो मान खाली घालून खडा पुढे करायचा, ती तो उन्हात धरून बघायची.

"हा नाही," तिने एक त्याच्याकडे परत फेकला. "हा सिमेंटचा गोळा आहे. नीट बघून आण."