आवाज कमी झाल्यावर

कारंज्याहून कामरगावला निघालेली चांदभाईंची जीप उताराला लागली, आणि नेहमीसारखं त्यांनी डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं. एकदम शांतता... नुसता वारा आणि संत्र्याचा वास. नीलिमाच्या शेजारी कोंबून बसलेला अनोळखी मुलगा संत्रं सोलत होता.

"उतारावर इंजिन बंद नाही करा लागत," तो पुटपुटला.

"तुमी मेकॅनिक हाय का?"

"हो. विमानाचा. नागपूरले."

"मंग जीपमध्ये काहून बसले?"

तो हसला आणि अर्धं संत्रं तिच्यापुढे धरलं.

तो प्रसेनजित, इंझोरी गावचा. पण आई कामरगावला लेकीकडे राहायची, म्हणून दर शनिवारी यायचा. नीलिमा कारंज्यात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, शनिवारी कामरगावला घरी जायची. शनिवारची ती जीप बघता बघता दोघांची झाली. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. सुरुवातीला तो किती बोलायचा... पुढे मात्र गप्प होत गेला. फोडीवरच्या पांढऱ्या शिरा एकेक करून काढायच्या आणि फोड तिच्या तळहातावर ठेवायची, एवढंच. याचं आपल्यावरून मन उडालं, असं नीलिमानं धरून टाकलं.

अशात तिला बंगळुरूला नोकरी लागली. शेवटच्या शनिवारी ती म्हणाली, "विमानाचं भेव वाटते मले."

"एक ध्यानात ठेव. उडाल्यावर मिनिटभरानं आवाज एकदम कमी होईल. नाक जरासं खाली येईल. भेऊ नको."

"काहून? तिथंबी डिझेल वाचवते का?"

"नाही वं. जमिनीवरून उठाले लय जोर लागते. तेवढ्या जोरानं इंजिन चार-पाच मिनिटंच चालवाचं असते, नाहीतर तापते, झिजते. म्हणून उठलं की जोर कमी करतात. मंग नाक थोडं खाली घेऊन वेग धरतात. दहा हजार फुटाच्या वर गेलं, की अजून वेग."

"म्हणजे पडत नाही?"

"पडते कायले? चढूनच राह्यलं असते."

ती वाट पाहत राहिली. विमानाचं एवढं सांगतो, अन् स्वतःचं—? उतरताना त्यानं एक डबा तिच्या हातात दिला. "विमानात खाजो."

बस्स, एवढंच. ती मागे वळूनही न बघता घरी गेली.

विमान उठलं तशी तिची पाठ सीटला चिकटली. खाली नागपूर तिरपं झालं... आणि आवाज पडला. पलीकडच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. काहीतरी धरायला हवं म्हणून नीलिमानं डबा उघडला. आत फोडी... गच्च भरलेल्या. एकीवरही शीर नव्हती. किती वेळ सोलत बसला असेल हा?

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. ढग खाली चालले होते. आवाज कमीच होता, विमान चढतच होतं.

उतरल्या उतरल्या तिनं फोन लावला.

"भेली का?" तो म्हणाला.

"ते राहू दे. तू इतके दिवस गप्प काहून होता?"

"सुरुवातीले लय भेव होतं... तू दुसऱ्या जीपनं जाशील म्हणून. म्हणून बोलत राह्यलो. मंग तू माही जागा धरून ठेवू लागली. तवा वाटलं, आता कायले बोलाचं... तुले समजलं असन."

"नव्हतं समजलं. सांग आता."

"आवडते तू मले. त्या पहिल्या उतारापासून."

"हे सांगायले इतक्या फोडी सोलल्या होय?"

दोन वर्षांनी ती नागपूरला आली, मग लग्न झालं. आज पुन्हा चांदभाईंची तीच जीप, तोच उतार. इंजिन बंद झालं तशी मांडीवरच्या सहा महिन्यांच्या लेकीनं दचकून डोळे उघडले.

"भेऊ नको वं," प्रसेनजित लेकीला म्हणाला. कारंजा सोडल्यापासूनचं त्याचं हे पहिलंच बोलणं. "इथं मात्र डिझेलच वाचवून राह्यले."

नीलिमानं तळहात पुढे केला. वाट बघावी लागली नाही. फोड तयारच होती.