घरी माणसं तीन

बुधवारी दुपारी हितेंद्र धुळ्यात, समाजाच्या कार्यालयात घामाघूम होऊन बसला होता. कूलर होता, पण तो नुसताच आवाज करायचा. सामुदायिक विवाहाची वेबसाइट चालू करून त्याला संध्याकाळची जळगावची गाडी गाठायची होती. घर सोडून बारा दिवस झाले होते. "आज आला नाहीत ना, तर येऊच नका," असं पुनमनं बजावलं होतं, आणि बायको शब्दाची पक्की.

काम तसं किरकोळच. वेब सर्व्हर म्हणजे दारावरचा माणूस. आलेला प्रश्न तो आत पाठवणार, आत बसलेला प्रोग्रॅम उत्तर देणार. दोघांची गाठ घालून द्यायची, बस्स! प्रश्नही साधा. आमंत्रण चूलबंद, म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटायची नाही, झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं. तेव्हा घरी माणसं किती?

चाचणीसाठी त्यानं फॉर्ममध्ये स्वतःचंच घर भरलं. तो इथं अडकलेला, म्हणून पुनम आणि आई बेबाबाई, दोघीच.

पानावर उमटलं: घरी माणसं तीन.

"च्यायला!" त्यानं पुन्हा भरलं. पुन्हा तीनच. साठवलेल्या नोंदीत मात्र व्यवस्थित दोन.

समोर सचिव प्रेमराजभाऊ पत्रिकांवर नावं घालत होते. "काय व्हयनं हितेंद्रभाऊ? बठ्ठं चालू शे ना?"

"भाऊ, कोणी हात लावला का याला?"

"माले ते मोबाईलबी धड येत नही," प्रेमराजभाऊ हसले.

ते खरंच होतं. मग संशय गेला दीपकवर. जळगावात बसणारा हा भागीदार. पासवर्ड त्याच्याकडे, आणि खोड्या काढायची सवय जुनी. फोनवर दीपकनं आईची शपथ घेतली. हितेंद्रला ते पटलं नाही. त्यानं पासवर्ड बदलला आणि वर प्रोग्रॅमही बंद करून टाकला. आता आत उत्तर द्यायला कुणीच नव्हतं. सर्व्हरनं तसं कबूल करायला हवं होतं.

त्यानं पान उघडलं.

घरी माणसं तीन. बेबाबाई, पुनम, हितेंद्र.

त्यानं घरी फोन लावला.

"पुनम, घरी कोण आलंय?"

"कोण बोलतंय?"

"अगं, मी!"

मागून आईचा आवाज येत होता. ती कुणाला तरी आग्रह करून भाकरी वाढत होती, हसत होती.

"हे बघा, सकाळपासून हा तुमचा तिसरा फोन," पुनम दबक्या आवाजात म्हणाली.

हितेंद्रनं आज पहिल्यांदाच फोन केला होता.

"पुनम, ऐक—"

पण ती फोनपासून तोंड फिरवून आत कुणाला तरी सांगत होती.

"अहो, जेवण झालं की दाराला कडी घाला बरं. हा माणूस इथं येईलसं वाटतंय."