वेशीतला बाबा

“सरळ उभा राह्य, मच्छ्या. टाचा उचलू नको,” असं म्हणत जयवंताने मच्छिंद्रला बाबाच्या दगडाला पाठ टेकवून उभं केलं.

आष्टीच्या वेशीत दर दिवाळीला हा कार्यक्रम व्हायचा. मच्छिंद्र जालन्याच्या शाळेतून सुटीला आला, की तो, जयवंता आणि कडूबा बाबाशी आपापली उंची मापायचे. बाबा म्हणजे वेशीच्या आत रोवलेला, शेंदराने माखलेला दगड. गेल्या दिवाळीला बाबाचा माथा मच्छिंद्रच्या हनुवटीला लागला होता. यंदा तो थेट कानाला लागला.

“जालन्यात तुला उपाशी ठेवून राह्यले का रे?” कडूबाने विचारलं. “खाली खालीच चाललाय तू.”

मग कडूबा उभा राहिला आणि त्याचं हसू मावळलं, कारण तोही आखूड झाला होता. जयवंताचीही तीच गत. आता तिघं एकदम आखडतात हे काही खरं नाही. शिवाय जयवंताचा गेल्या वर्षीचा परकर पोटरीवर चढला होता. ती बराच वेळ दगडाकडे बघत राहिली. मग तिने इकडेतिकडे पाहून नखाने शेंदूर खरवडला. बाबावर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर चढून त्याचं जाडजूड कवच झालेलं होतं. इथे मात्र जरा खरवडल्यावर कोरा दगड लागला.

“हा आपला बाबाच न्हाई,” जयवंता म्हणाली.

गावात हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. नमस्कार करताना माणसं डोळे मिटतात, ही देवाची केवढी गैरसोय आहे!

जयवंताने हे एवढं मनावर घेतलं, त्याला कारण होतं. तिचं घराणं गुरं राखणाऱ्यांचं. कोण्या एका काळी गावाची गुरं पळवायला लुटारू आले, तेव्हा तिच्या घराण्यातला एक पुरुष वेशीत लढता लढता पडला. त्याचाच हा दगड. म्हणून दिवाळीच्या पाडव्याला गावची गुरं वेशीतून निघत, तेव्हा पहिला मान तिच्या आजोबांच्या, आबारावांच्या गुरांना. निजामाचं राज्य आलं, अंमलदार बदलले, पण या मानाला कुणी हात लावला नव्हता.

यंदा तो लावला रामरावांनी. रामराव म्हणजे मच्छिंद्रचे वडील, गावातले मोठे जमीनदार. दगडावर काही कोरलेलं आहे हे कुणी पाहिलंय, असं त्यांनी चावडीत विचारलं होतं. आबाराव म्हणाले, मी पाहिलंय, लहानपणी एकदा कवच गळून पडलं तेव्हा. काठी घेतलेला माणूस आहे आणि त्याच्या पायाशी गाई आहेत. मग पंचांनी ठरवलं, की पाडव्याला सकाळी शेंदूर उतरवून बघायचं. कोरीव काम निघालं तर मान आबारावांचा, नाहीतर रामरावांचा. आबाराव खुशीत होते. बिचाऱ्यांना पक्की खात्री होती.

“पण बाबाला हलवलं कवा?” कडूबाने विचारलं.

मच्छिंद्र वेशीच्या नव्या चिऱ्यांकडे बघायला लागला. त्याला उत्तर ठाऊक होतं. उन्हाळ्यात ढासळलेली वेस रामरावांनी स्वतः दुरुस्त करून दिली होती. तेव्हा बाबाला उपटून गोणपाटाखाली बाजूला ठेवलं होतं. जुन्या वास्तूची केवढी कदर, म्हणून साऱ्या गावाने रामरावांना हार घातले होते.

“त्याच दिवसांत आमची नवी विहीर बांधून झाली,” तो शेवटी म्हणाला. “चला, दाखवतो.”

विहिरीवर मोट चालू होती. मोटेचं पाणी ज्या थारोळ्यात पडायचं, तिथे एक लांबरुंद शिळा पालथी घातलेली होती. मोट थांबल्यावर तिघं वाकले. पाण्याने शिळेखालची माती एका बाजूने वाहून गेली होती आणि कडेच्या खाचेत लाल रंग अडकला होता. जयवंताने हात आत घातला. बोटांना आधी एक शिंग लागलं, मग दुसरं, मग खूर. तिने हात बाहेर काढला आणि ती रडायला लागली.

रोज कुणीतरी बैल हाकत होतं, मोट ओतत होतं, आणि तिचा पूर्वज तोंड खाली करून चिखलात पडलेला होता.

“तुझ्या वडलांचं नाव निघंल, मच्छ्या,” कडूबा म्हणाला. “तू म्हणशील तर आपण काहीच पाहिलं न्हाई.”

मच्छिंद्रला क्षणभर तसंच वाटलं. वडिलांचा धाक होता, वडिलांवर जीवही होता. पण जयवंताकडे बघून तो म्हणाला, “पाहिलंय तर पाहिलंय. पण आपण सांगितलं तर ऐकणार कोण? मोठ्या माणसाच्याच हाताला लागलं पाहिजे.”

शेंदूर उतरवण्याआधी बाबाला स्नान घालायचं होतं, आणि त्यासाठी पंचांनी स्वतः पाणी भरून आणायचं, अशी गावची रीत होती. मच्छिंद्रने चावडीत सगळ्यांसमोर हट्ट धरला, की यंदा पाणी आमच्याच नव्या विहिरीचं. पंचांना पोराचं कौतुक वाटलं. रामराव जरा चुळबुळले, पण चारचौघांत नाही कसं म्हणणार?

पाडव्याला सकाळी पंच विहिरीवर आले, मागोमाग रामराव आणि आबारावही आले. पंचांत सगळ्यांत वडील काकासाहेब. त्यांची पूजेची तांब्याची गडवी कडूबाने मोठ्या नम्रतेने धरली, घसरल्यासारखं केलं आणि बरोबर शिळेखाली सारली.

“गाढवा, देवाची गडवी ती!” काकासाहेब ओरडले. पोराच्या हाती पुन्हा लागायला नको म्हणून त्यांनी स्वतःच बाही सारून हात आत घातला. तो तिथेच थांबला. त्यांचा चेहरा उतरला.

“रामराव,” ते हळू म्हणाले, “हितं गाई हायेत.”

गडीमाणसांनी पहारी लावून शिळा उलटवली. कडेला गाई होत्या, काठीचं टोक होतं. पण मधे माणूस नव्हता. शिळा नीट बसावी म्हणून गवंड्याने मधला भाग छिन्नीने तासून सपाट केला होता. आबारावांनी त्या सपाट जागेवरून हात फिरवला. मग ते कडेच्या गाईंची शिंगं एकेक करून चाचपत राहिले, आणि तेच मुलांना सोसवेना.

रामरावांनी सगळं गवंड्यावर ढकललं. गवंडी परगावचा, तो कधीच निघून गेला होता. रामरावांनी दुरुस्त केलेल्या वेशीतून रोज ये-जा करणाऱ्या पंचांनी ते मानूनही घेतलं.

वेशीतला दगड खोटा आहे हे आपण तिघांनी आधीच ओळखलं होतं, असं जयवंताने सांगून टाकलं, तेव्हा काकासाहेबांनी मुलांच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, “शाबास! पोरांनी गावाचे डोळे उघडले. मान आबारावांचाच, बिलकुल.”

“मंग बाबाला वेशीत कवा बसवायचं?” जयवंताने विचारलं.

काकासाहेबांनी घसा खाकरला. भंगलेला देव पुजायचा नसतो, म्हणाले. तो नदीला द्यायचा, हीच रीत. वेशीतल्या नव्या दगडाला इतके दिवस लोकांनी हात जोडलेत, तोही आता देवच झाला. तो राहू दे. रामरावांनी लगेच आपली बैलगाडी देऊ केली आणि पंचांनी त्यांच्या मोठ्या मनाची तारीफ केली.

शिळा गाडीत चढली. आबारावांनी आपली रंगवलेली, गोंडे बांधलेली गुरं सोडली आणि वेशीकडे न नेता गाडीमागे नदीच्या वाटेला लावली. पंचांनी हाका मारल्या, मान तुमचा आहे म्हणून परोपरीने सांगितलं. आबाराव वळले नाहीत. जयवंता त्यांचा हात धरून चालली होती. कडूबा गुरांमागे होता.

इकडे वेशीत ढोल वाजायला लागला. मुहूर्त टळत होता आणि पुढे कुणाची तरी गुरं हवीच होती. रामरावांनी मच्छिंद्रच्या हातात आपल्या पहिल्या बैलाचा कासरा दिला.

“चल, पुढं हो,” ते म्हणाले. “पहिला मान आपला.”

मच्छिंद्रने कासरा त्यांच्या पायाशी टाकला आणि तो गाडीच्या दिशेने पळत सुटला. मागे काकासाहेब कौतुकाने सांगत होते, की पोरगं मोठं भाविक आहे, देवाला पोचवायला निघालंय.

रामरावांनी वाकून कासरा उचलला आणि बैल वेशीतून पुढे काढला.